आवडता सहकारी आणि अडलेली बढती

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत हिशेब विभागात बरीच वर्षे काम करतो. कार्यालयात माझे कोणाशीही वाकडे नाही. कोणाचे काम अडले, कोणाला अचानक सुट्टी हवी असली, नव्या माणसाला काही समजावून सांगायचे असले, की सगळे माझ्याकडे येतात आणि मलाही ते आवडते. या वर्षी मात्र विभागप्रमुखाची जागा माझ्यानंतर रुजू झालेल्या एका सहकाऱ्याला मिळाली. तो कामात चोख आहे, पण तुटक बोलतो आणि कोणात फारसा मिसळत नाही. त्याचा पगार आधीपासूनच माझ्यापेक्षा जास्त होता, हेही आता कळले. ‘माणसे जोडली की सगळे मिळते’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मित्रांना आणि नातेवाइकांना हातउसने दिलेले पैसे परत मागणेही मला जमत नाही, त्यामुळे शिल्लक फारशी पडलेली नाही. लोकांना आवडण्याचा नोकरीत आणि पैशाच्या बाबतीत खरोखर उपयोग होतो का, की मीही आता कठोर व्हायला हवे?
— एक वाचक

उत्तर : वर्षानुवर्षे इतरांच्या अडीनडीला धावून गेलेल्या माणसाला ऐन वेळी मागे ठेवले गेले की त्याला बढती गेल्याचे दुःख तर होतेच, पण आपली जगण्याची रीतच चुकली की काय, अशी शंकाही त्याचे मन कुरतडू लागते. तुमची रीत चुकलेली नाही, असे माझे मत आहे. मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. आपण लोकांना आवडणे ही एक गोष्ट आहे आणि ती इतरांच्या मनात घडते. कोणालाही नाही म्हणता न येणे आणि स्वतःसाठी काही मागता न येणे ही दुसरी गोष्ट आहे आणि ती आपल्या स्वभावात असते. पहिलीचा कामाच्या ठिकाणी उपयोग होतो, याला चांगला पुरावा आहे. दुसरीची किंमत पैशात मोजावी लागते, यालाही पुरावा आहे. बहुतेक माणसांत या दोन्ही गोष्टी थोड्याफार एकत्र नांदतात, म्हणून एकीचे नुकसान दुसरीच्या नावावर लिहिले जाते.

प्रथम उपयोगाचे पाहू. टिझियाना काशारो आणि मिगेल सौझा लोबो या संशोधकांनी पाच संस्थांमधील दहा हजारांहून अधिक कार्यालयीन संबंधांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००५ साली मांडले. सोबत काम करायला कसा माणूस हवा, असे विचारले तर लोक कौशल्याला पहिला मान देत. प्रत्यक्षात कामासाठी कोणाकडे जायचे हे ठरवताना मात्र तो माणूस आवडतो की नाही, यालाच अधिक वजन मिळे. माणूस नावडता असेल तर त्याच्या कौशल्याकडे लोक पाठ फिरवत आणि आवडता असेल तर त्याच्याजवळचे थोडेसे कौशल्यही शोधून काढून वापरत. यात नवल नाही, कारण मदत मागणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे होय आणि ते आपण अशाच माणसापुढे करतो, ज्याच्याकडून अपमान होणार नाही याची खात्री असते.

हा लाभ केवळ कार्यालयातील गप्पांपुरता नाही. हार्वर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतील एकूण रोजगारात माणसांशी सतत संबंध येणाऱ्या कामांचा वाटा सुमारे १२ टक्के बिंदूंनी वाढला. उलट, गणिती कौशल्य भरपूर पण माणसांशी संबंध कमी, अशा कामांचा वाटा याच काळात घटला. ठरावीक चाकोरीतील काम यंत्रे करू लागली, पण एकमेकांचे मन ओळखून कामाची वाटणी करणे आणि बिघडलेली गोष्ट न भांडता सावरणे यंत्रांना तितके सोपे नाही. वैद्यकीय व्यवसायातील एक निरीक्षणही येथे आठवते. वेंडी लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, ज्या प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर रुग्णांनी कधीच दावा केला नव्हता, ते रुग्णाला सरासरी १८.३ मिनिटे देत, त्याला बोलते करत आणि त्याच्यासोबत हसतही. ज्यांच्यावर दावे झाले होते त्यांची भेट सरासरी १५ मिनिटांत संपे. शल्यविशारदांमध्ये मात्र असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. आवडते असण्याचे मोल सर्व कामांत सारखे नसते. जेथे समोरच्याचा विश्वास हाच कामाचा अर्धा भाग असतो, तेथे ते सर्वाधिक असते.

आता तुमच्या दुखण्याकडे येऊ. काशारो आणि लोबो यांनी जे मोजले, ते ‘लोक कोणाकडे जातात’ हे होते. लोक तुमच्याकडे येतातच, म्हणजे त्यांचा निष्कर्ष तुमच्या बाबतीत तंतोतंत खरा ठरला आहे. परंतु तुमच्याकडे मदतीला येणारे सहकारी एक आणि तुमचा पगार व हुद्दा ठरवणारे वरिष्ठ दुसरे. सहकाऱ्याची अडलेली ताळेबंदाची जुळणी तुम्ही संध्याकाळी थांबून पूर्ण करून देता, तेव्हा त्याची कृतज्ञता तुम्हाला मिळते, पण वरिष्ठांपुढे जाणाऱ्या कागदावर ते काम त्याचे म्हणूनच पोहोचते. त्या वेळात तुमचे स्वतःचे जे काम मागे पडते, ते मात्र तुमच्या नावावर लागते. आवड मिळवणे आणि मोबदला मिळवणे यांच्यामधला हा पूल आपोआप बांधला जात नाही, तो आपल्याला बांधावा लागतो. तुमच्या पत्रात सर्वांच्या उपयोगी पडल्याचा उल्लेख आहे, पण पगारवाढ मागितल्याचा किंवा विभागप्रमुख होण्याची इच्छा कोणाला सांगितल्याचा एकही उल्लेख मला सापडला नाही.

टिमथी जज, बेथ लिव्हिंगस्टन आणि शार्लिस हर्स्ट यांनी २०१२ साली केलेला अभ्यास याच ठिकाणी बोट ठेवतो. मनमिळाऊपणाच्या कसोटीवर सरासरीपेक्षा खाली असलेले पुरुष हे सरासरीपेक्षा वर असलेल्या पुरुषांच्या तुलनेत सुमारे १८ टक्के अधिक कमावतात, असे त्यांना अमेरिकेतील पाहणीच्या आकडेवारीतून दिसले. स्त्रियांमध्ये हा फरक सुमारे ५ टक्के होता. हे आकडे वाचून अनेकांनी ‘उद्धट माणसांची चलती असते’ असा अर्थ काढला, पण तो मला मान्य नाही. मानसशास्त्र ज्याला मनमिळाऊपणा म्हणते त्यात विश्वास, सहानुभूती आणि परोपकार यांच्या जोडीला नमते घेण्याची आणि स्वतःला मागे ठेवण्याची वृत्तीही मोजली जाते. शिवाय या कसोटीवर खाली असलेली माणसे दुष्ट असतात असेही नाही. त्यांतील पुष्कळ जण केवळ आपले म्हणणे न संकोचता मांडणारे असतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले आहे आणि त्यांचा रोख चांगुलपणावर नव्हता, भिडेवर होता.

कठोर व्हावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. हे मी केवळ नीतीच्या भूमिकेतून म्हणत नाही. कॅमेरॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थीदशेतच ज्यांच्या स्वभावाची चाचणी घेतली होती, अशा व्यक्तींचा सुमारे १४ वर्षांनी मागोवा घेतला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वार्थी, भांडखोर आणि दुसऱ्यांना आपल्या कामापुरते वापरून घेणारी माणसे सत्तेच्या जागी इतरांपेक्षा अधिक पोहोचली नव्हती. दरारा निर्माण करून ती जे मिळवत, ते माणसे दुरावल्यामुळे गमावत. तुम्ही ओढूनताणून तुटक वागू लागलात, तर जवळ असलेली गोष्ट गमवाल आणि जी नाही ती मिळेलच असे नाही. तुमच्या सहकाऱ्याला जागा मिळाली ती तो तुटक बोलतो म्हणून, असे मानायलाही आधार नाही. ‘तो कामात चोख आहे’ असे तुम्हीच लिहिले आहे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सर्व प्रकारच्या व्यवसायांत कामाच्या दर्जाशी सातत्याने निगडित असलेला स्वभावगुण म्हणून कर्तव्यदक्षता पुढे आली. मनमिळाऊपणाचा संबंध त्या मानाने फारच क्षीण होता.

तेव्हा करायचे काय? सहकाऱ्यांना मदत जरूर करा, पण आपले त्या दिवसाचे काम संपवून करा. ‘आज दुपारपर्यंत मी मोकळा नाही, चारनंतर बसू’ हे वाक्य कोणाचेही मन दुखवत नाही. नव्या माणसांना शिकवण्याचे काम तुम्ही करतच आहात, तर ते तुमच्या जबाबदाऱ्यांमध्ये लेखी नोंदवले जावे, अशी विनंती वरिष्ठांना करा. वार्षिक मूल्यमापनाची वाट न पाहता, पुढील वर्षाच्या पगाराचा विचार होण्याआधीच वेळ मागून घ्या आणि वर्षभरात तुमच्यामुळे कोणते काम वेळेत झाले, कोणती चूक वेळीच सापडली, हे कागदावर घेऊन जा. तुमच्या पदाला बाहेर काय पगार मिळतो याची आधी चौकशी करा आणि अपेक्षित रक्कम स्वतःच्या तोंडाने, आकड्यात सांगा. तुमच्याविषयी मुळातच सद्भावना आहे, त्यामुळे तुमची मागणी कोणाला उर्मट वाटण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आहे. लोकांना आवडण्याचा खरा आर्थिक उपयोग मला येथे दिसतो. मात्र तो उपयोग मागणाऱ्यालाच होतो.

हातउसन्या पैशांविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे, कारण तो प्रश्न मला बढतीपेक्षाही गंभीर वाटतो. सँड्रा मॅट्झ आणि जो ग्लॅडस्टन यांनी तीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१८ साली मांडला. मनमिळाऊ स्वभावाच्या लोकांकडे शिल्लक कमी असते आणि कर्ज थकण्याचे प्रमाण अधिक असते, असे त्यात दिसले. याचे कारण ते घासाघीस करत नाहीत हे असावे, असा सर्वसाधारण समज होता, पण संशोधकांना खरे कारण वेगळे आढळले. अशा लोकांना पैसा तितकासा महत्त्वाचा वाटत नाही, म्हणून ते त्याकडे लक्ष देत नाहीत. हा परिणाम कमी उत्पन्नाच्या लोकांत अधिक तीव्र होता, कारण ज्याच्याकडे भरपूर आहे त्याच्या दुर्लक्षाची भरपाई होऊन जाते आणि ज्याच्याकडे थोडेच आहे त्याची होत नाही. तुम्ही दिवसभर कंपनीचा पैन् पै जुळवता, मग स्वतःच्या हिशेबालाही तीच शिस्त लावा. पगार झाला की बचतीची रक्कम पहिल्याच दिवशी अशा खात्यात वळती करा, जेथून ती सहज काढता येणार नाही. जी रक्कम परत आली नाही तरी तुमचे काही अडणार नाही, तेवढीच यापुढे उसनी द्या. जुन्या येण्याबद्दल प्रत्येकाला एक साधा, सौम्य निरोप पाठवा आणि रक्कम व मुदत त्यात लिहा. ज्याचे तुमच्यावर खरे प्रेम आहे तो अवघडेल, पण तुटणार नाही.

प्रश्न : मी एका कंपनीत गटप्रमुख आहे. माझ्याच पातळीवरील पुरुष सहकारी ठामपणे बोलले की ‘नेतृत्वगुण’ म्हटले जाते आणि मी बोलले की ‘जरा सौम्य राहा’ असे सुचवले जाते. पगारवाढीचा विषय काढल्यापासून वरिष्ठांचा सूर बदलल्यासारखा वाटतो. आवडते राहायचे की मागायचे, यातून एकच निवडावे लागते का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुम्हाला जे जाणवते तो भ्रम नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, जास्त मोबदला मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करण्याची इच्छा मूल्यमापन करणाऱ्यांमध्ये कमी होई आणि ही शिक्षा तेच करणाऱ्या पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक भोगावी लागे. म्हणून स्त्रियांना ‘निर्धास्तपणे मागा’ एवढाच सल्ला देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. ज्या पुढाकाराचा पुरुषाला लाभ होतो, त्याच पुढाकारापायी स्त्रीला आपुलकी गमवावी लागत असेल, तर न मागण्याचा तिचा निर्णय हा भित्रेपणा नसून परिस्थितीचे अचूक वाचन असू शकते.

तरीही मागणे सोडू नये, असेच मी म्हणेन. एमिली अमानतुल्ला आणि मायकेल मॉरिस यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, स्त्रिया दुसऱ्या कोणाच्या वतीने मागणी करतात तेव्हा त्या पुरुषांइतक्याच ठाम असतात आणि त्यांच्याबद्दल नापसंतीही निर्माण होत नाही, असे दिसले. या निष्कर्षाचा व्यवहारात उपयोग करता येतो. तुमची मागणी गटाच्या कामाशी जोडून मांडा. गटाची जबाबदारी किती वाढली, ती पेलण्यासाठी तुमच्या पदाला कोणता अधिकार आणि मोबदला असायला हवा, हे सांगा. तुमच्या कामाचे मोल जाणणारे दुसरे कोणी वरिष्ठ असतील तर त्यांनी हा विषय काढावा, असे त्यांना सुचवा. अशी वळणे घ्यावी लागणे मुळात चुकीचे आहे आणि ती बदलण्याची जबाबदारी संस्थेची आहे. पगाराच्या श्रेणी सर्वांना ठाऊक असतील आणि मूल्यमापनाचे निकष आधी लिहून ठेवलेले असतील, तर ‘ती जरा तापट आहे’ यासारख्या शेऱ्याला पगार ठरवताना जागाच उरत नाही. तुम्ही गटप्रमुख आहात, म्हणजे निदान तुमच्या गटापुरता हा पायंडा तुम्ही आजच पाडू शकता.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. बैठकीची टिपणे, निरोप समारंभाची तयारी, समित्यांवरील किरकोळ कामे कोणाच्या गळ्यात पडतात ते पाहा. बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटांमध्ये अशी बढतीला निरुपयोगी कामे स्वीकारायला स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा पुढे आल्या. पण गटात केवळ स्त्रिया किंवा केवळ पुरुष असताना हा फरक उरला नाही. म्हणजे तो स्वभावाचा नसून, ‘हे तीच करील’ या सर्वांच्या गृहीतकाचा आहे. असे काम कोण घेणार, असा प्रश्न बैठकीत टाकण्याऐवजी त्याची पाळी लावून द्या.

प्रश्न : माझी ही पहिलीच नोकरी आहे. मी अबोल आहे. इतर नवीन मुले वरिष्ठांच्या पुढे पुढे करतात, हसतखेळत राहतात. मी कोणाला आवडत नसेन आणि त्यामुळे मागे पडेन, अशी भीती वाटते.
— एक तरुण वाचक

उत्तर : तुम्ही लोकांना जितके आवडत असाल असे तुम्हाला वाटते, त्यापेक्षा बहुधा अधिक आवडत असाल. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्यांदाच भेटलेल्या दोन व्यक्तींना संभाषणानंतर स्वतंत्रपणे विचारले असता, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोकांनी सातत्याने कमी केला. बुजऱ्या स्वभावाच्या माणसांत ही तफावत अधिक होती. आपण काय चुकीचे बोललो याची उजळणी आपल्या मनात चालू असते. समोरच्याच्या मनात मात्र ती नसते, कारण तोही स्वतःचीच उजळणी करत असतो.

पुढे पुढे करणे आणि आवडते होणे यांत गल्लत करू नका. हांजी हांजी करणाऱ्याला वरिष्ठ जवळ बसवतीलही, पण चुकला तर नुकसान होईल असे काम त्याच्यावर सोपवताना तेच दोनदा विचार करतील. अबोल माणसाला आवडते होण्याचा एक मार्ग नेहमी खुला असतो, तो म्हणजे नीट ऐकणे. समोरच्याने काल सांगितलेली अडचण आज आठवून विचारणे, न समजलेले न लपवणे आणि दिलेल्या वेळी काम हातात ठेवणे यासाठी वाक्चातुर्य लागत नाही. मात्र ओळखींचे वर्तुळ अगदी लहान ठेवू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवले की नव्या नोकरीची खबर अनेकदा जिवलग मित्रांकडून न येता, अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून येते. जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते, तर परिचित माणूस वेगळ्या वर्तुळातली माहिती आणतो. आठवड्यातून एकदा दुसऱ्या विभागातल्या एखाद्या माणसाला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. सध्या एवढे पुरेसे आहे.